कुलुपाची तरतूद

आमच्या गावची नगरपालिका आणि कोंडवाडा यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीच्या अलीकडे सभागृह, पलीकडे सापडलेली जनावरं. सभागृहाची खिडकी कोंडवाड्यात उघडायची. त्यामुळे ऐन ठरावाच्या वेळी गाढव ओरडलं की अध्यक्षांना थांबावं लागे, आणि सभेतले आवाज चढले की जनावरं रवंथ थांबवून कान टवकारत. या खिडकीखाली, कडूलिंबाच्या सावलीत, हमिदाबीची खाट असायची. गावचा कारभार तिच्याइतका नियमितपणे कुणी ऐकला नसेल. ऐकून ती काही बोलत मात्र नसे. पाण्याच्या डोणीत बादल्या ओतत राही.

तिचा नवरा शब्बीर निजामाच्या अमदानीपासून कोंडवाड्याचा रखवालदार. हरभऱ्याला घाटे धरायच्या दिवसांत तो तापानं गेला. दफन करून माणसं घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हमिदाबीनं जनावरांना पाणी दाखवलं, कारण ती तहानलेली होती. त्या दिवसापासून ती रखवालदार झाली. तिला कुणी नेमलं नाही आणि कुणी हटकलंही नाही.

कोंडवाड्याच्या कोपऱ्यात एक खोली होती, दगडी, एका दाराची. शब्बीरच्या नोकरीबरोबर मिळालेली. हमिदाबी लग्न होऊन याच खोलीत आली. पोलीस ॲक्शनच्या साली गावात बाहेरून माणसं आली, तेव्हा ती आणि शब्बीर काही दिवस जनावरांच्या मागं, कडब्याच्या गंजीत राहिली होती. त्या दिवसांबद्दल ती बोलायची नाही. एकदा फक्त आमच्या आईला म्हणाली होती, "या भिंतींनी मला वळखलंय, बाई. आता दुसऱ्या भिंतींना किती सांगत बसू?"

दुसऱ्या भिंती भूमला होत्या. तिथं तिचा भाऊ होता, वली. "ये म्हणून निरोप धाडतो," ती सांगायची. "भाऊ चांगला हाय माझा. भावजयबी हाय." यापुढं ती काही जोडत नसे.

तेव्हा तिला हवी होती ती एवढी खोली. आणि खोली मिळणार होती रखवालदाराच्या जागेवर तिचं नाव लागलं तर. नाव लागणार होतं नव्या अंदाजपत्रकात.

"एकदा अंदाजपत्रक मंजूर झालं की झालं," मुख्याधिकारी तिला म्हणाले. हे साहेब पुण्याकडून आलेले, नियमानं चालणारे. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, आणि अशी माणसं आमच्याकडं कौतुकानं पाहिली जात.

अध्यक्ष बलभीमरावांनीही तिला शब्द दिला होता. ते वरल्या पेठेचे, बागायतदार. त्यांच्या विरोधातल्या हणमंतप्पांनीही दिला होता. ते खालच्या पेठेचे, आडत दुकानवाले. हमिदाबी दोघांनाही दुवा देई. त्यात लबाडी नव्हती. दोघांचे शब्द खरे झाले असते तरी तिला खोली एकच हवी होती.

अडचण अशी होती की वरल्या पेठेला एस.टी. स्टँडापर्यंत पक्का रस्ता हवा होता आणि खालच्या पेठेला गटार. पैसा एकालाच पुरेल इतका. सभासद पंधरा. सात वरले, सात खालचे, आणि मधे लाकडाच्या वखारीचे गफारशेठ. गफारशेठ वर्षानुवर्षं मधे बसत आले होते. मधे बसणाऱ्याला दोन्हीकडून चहा मिळतो. त्या वर्षी अंदाजपत्रकाचा मसुदा वाटला गेला आणि गफारशेठ हजला निघून गेले. नियत त्यांची जुनीच होती, त्याबद्दल कुणाला शंका नाही. पण जहाजानं जायचं, जहाजानं यायचं. ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत काही परतत नव्हते.

बरोबरी झाली तर अध्यक्षांना एक जादा मत होतं. पण ते वापरायला आधी सभा भरायला हवी, आणि सभा भरायला निम्म्याहून जास्त माणसं लागत. म्हणून खालच्या पेठेचे सात जण धुतलेले कपडे घालून वेळेवर सभेला यायचे आणि पायरीवरच बसायचे. आत सात, बाहेर सात. आतले भाषण करायचे, बाहेरचे त्याला उत्तर द्यायचे, आणि शेवटी साहेब उठून सांगायचे की सभाच झालेली नाही.

"मग इतका येळ बोललं कोण?" हमिदाबीनं शिपाई गोरोबाला विचारलं.

"कुणीच न्हाय," गोरोबा म्हणाला. "साहेब म्हणले, नियमानं कुणीच बोललं न्हाय."

मार्च संपला. नवं साल लागलं आणि नगरपालिकेचा खर्च थांबला. दिव्यांचं रॉकेल, झाडूवाल्यांचा पगार आणि कोंडवाड्याचा कडबा, सगळं एका सहीसाठी अडलं.

याच दिवसांत कोंडवाड्यात पहिल्यांदा मोठ्या घरचं जनावर आलं. एरवी इथं यायच्या त्या गरिबांच्या शेळ्या, कुंभाराची गाढवं, कुणाची एखादी भाकड गाय. कुणाच्या पिकात शिरली की पिकवाला हाकत आणून कोंडायचा, आणि मालक दंड भरून सोडवायचा. मोठ्यांची जनावरं पिकात शिरत नसत. म्हणजे शिरत, पण ती शिरली असं कुणी म्हणत नसे. त्या दिवशी मात्र खालच्या पेठेची चार पोरं बलभीमरावांचा देवणी वळू घेऊन आली. पांढराशुभ्र, काळ्या ठिपक्यांचा, पंचक्रोशीत नाव असलेला. हणमंतप्पांच्या मळ्यात घास खाताना सापडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत वरल्या पेठेची पोरं हणमंतप्पांची गाय घेऊन आली. चंद्री तिचं नाव. ती बलभीमरावांच्या उसाच्या बांधावर सापडली होती. बांधापर्यंत ती स्वतः गेली की तिला कुणी नेलं, यावर दोन पेठांत दोन मतं होती.

दंड काही मोठा नव्हता. दोघांपैकी कुणीही तो पानपट्टीच्या पैशांतून भरला असता. पण दंड भरायचा म्हणजे चूक कबूल करायची.

"आधी त्यांना सोडवू द्या," बलभीमराव म्हणाले.

"त्यांचा वळू आधी आत गेला, तो आधी भाईर येईल," हणमंतप्पा म्हणाले.

वळू आणि गाय कोंडवाड्यातच राहिली. अंदाजपत्रकही तिथंच, भिंतीपलीकडे.

हमिदाबी साहेबांकडं गेली. "साहेब, जनावरं भुकेली हायेत. कडबा संपला."

"खर्चाला मंजुरी नाही, हमिदाबी."

"मग नवी जनावरं घेऊ नको?"

"घ्या ना. घेतलीच पाहिजेत. दंड ही जमा आहे. जमा करायला मंजुरी लागत नाही."

"म्हंजी आत घ्यायचं, पण खायाला घालायचं न्हाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "नियमाचा अर्थ तसा निघतो खरा," ते म्हणाले.

हमिदाबी तशीच बलभीमरावांच्या वाड्यावर गेली, मागच्या दारानं. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई पापड वाळत घालत होत्या. वळूनं सकाळपासून डोण चाटून कोरडी केली, हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दंडावर त्यांचा अधिकार नव्हता, कडब्यावर होता. पण त्यांची एक अट होती. "आमचा कडबा त्या गायीच्या तोंडात जाता कामा न्हाय."

खालच्या पेठेत हणमंतप्पांच्या लक्ष्मम्मा म्हणाल्या, "अय्यो, चंद्रीला उपाशी ठिवलाव? आत्ताच देते की. पण त्या दांडग्यानं एक काडी खाल्ली तर तुला बोल लावीन बघ."

हमिदाबीनं कोंडवाड्याच्या मधोमध एक दोरी बांधली. दोरीच्या वर वरल्या पेठेचा कडबा, खाली खालच्या पेठेचा. दोरीचा मान शेळ्यांनी ठेवला. वळूनं तो पहिल्याच दिवशी मोडला, आणि चंद्रीही काही फार मागं सरली नाही. संध्याकाळी दोन्ही पेठांच्या कडब्याचा एकच चोथा झाला होता आणि दोरी वळूच्या शिंगात अडकली होती.

तेव्हा हमिदाबीनं सावड लावली. पेरणीला दोन शेतकरी करतात तीच. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. एक दिवस कडबा वरून येईल, एक दिवस खालून, आणि खातील सगळीच, गाढवंसुद्धा.

"म्हंजी आमचं त्यांनी खाल्लं," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आन् त्यांचं तुमी खाल्लं. रान एकच असल्यावर बांध कुठं घालू, बाई?"

मग रोज दुपारी कडबा पोचवायच्या निमित्तानं कधी कस्तुराबाई, कधी लक्ष्मम्मा कोंडवाड्यात येऊ लागल्या. सावडीचा दिवस चुकून कधी कधी दोघीही एकदम येत. असं चुकणं पुढं पुढं वाढलं. आमच्या ओट्यावरून दिसायचं: लिंबाखाली खाट, खाटेवर दोन पेठा शेजारी शेजारी, आणि समोर जमिनीवर हमिदाबी सुपारी कातरत बसलेली. लिंबाचा मोहर गळायचा तो तिघींच्याही डोक्यांवर सारखाच पडायचा. खिडकीतून भाषणं ऐकू यायची.

"ह्ये तुमचे," लक्ष्मम्मा म्हणायच्या.

"आन् ह्ये खोकणारे तुमचे," कस्तुराबाई म्हणायच्या.

चंद्री अजून थोडं दूध देत होती. ते घरी न्यायला साहेबांनी परवानगी दिली नाही. कोंडलेल्या जनावराचं दूध ही नगरपालिकेची जमा. पण दुधाला जमेची बाब नव्हती आणि दूध तर रोज निघत होतं. शेवटी गोरोबानं त्याचा चहा करून सभेला दिला. आतल्या सातांनी पितळी कपांतून तो चवीनं प्यायला. मग पायरीवर बातमी पोचली, आणि त्या वर्षातलं सर्वांत जोरदार भाषण तिथून झालं.

"आमच्या गायीचं दूध पिऊन आमच्याच गटारीला विरोध!" हणमंतप्पा गरजले.

"गाय तुमची आसंल, तोंडातला कडबा आमचा हाय!" आतून बलभीमराव.

साहेबांनी टिपून घ्यायला लेखणी उचलली आणि खाली ठेवली. सभा झालीच नव्हती.

मे महिना कडक गेला. गावातल्या दिव्यांना तेल नव्हतं, उकिरडे रस्त्यावर आले होते. हमिदाबीला शब्बीर गेल्यापासून पगार म्हणून काही मिळालंच नव्हतं. कस्तुराबाई ज्वारी आणि लक्ष्मम्मा डाळ कडब्याच्या पेंढीत खोचून आणत, त्यावर तिचं चाललं होतं. खोलीची ती रोज झाडलोट करी. एका मोठ्या मडक्यात कपडे भरून ठेवलेले होते, भूमला जायची वेळ आलीच तर म्हणून. ते मडकं मात्र ती दाराआड, नजरेला पडणार नाही असं ठेवी.

एके दिवशी लक्ष्मम्मा कडबा घेऊन आल्या तेव्हा हमिदाबी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती.

"लक्ष्मम्मा, तुमची चंद्री फळली."

"काय म्हनतीस!"

"मागल्या म्हयन्यात माजावर आली हुती, त्याच्यानंतर गप हाय. आन् इथं दुसरा कोण हाय? गाढवावर तर तुमी आळ घ्यायच्या न्हायीत."

लक्ष्मम्मांनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू थांबेना. चार वर्षं हणमंतप्पा या वळूसाठी बलभीमरावांकडं निरोप धाडत होते, आणि चार वर्षं वरून उत्तर येत होतं की आमचा वळू खालच्या पेठेत उतरत नाही.

"दोन पार्ट्या एका जागी कोंडल्या तर कायतरी निपजतंच," हमिदाबी म्हणाली. मग खिडकीकडं बघून हळूच, "माणसांचं काय, सांगता येत न्हाय."

बातमी त्याच दिवशी दोन्ही घरांत पोचली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत हणमंतप्पा कोंडवाड्याच्या दाराशी आले. वरल्यांनी वासरावर हक्क सांगायच्या आधी गाय घरी न्यायची होती. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं बलभीमराव आले. वळू फुकट गेला होता. आणखी काही फुकट जायच्या आत त्यांना तो न्यायचा होता. दोघांनीही दंड मुठीत धरला होता. दाराशी समोरासमोर आले आणि दोन्ही मुठी खिशात गेल्या.

"तुमचं चालू द्या," बलभीमराव म्हणाले.

"न्हाय, तुमी अध्यक्ष. तुमी आधी."

ऊन चांगलंच होतं. दोघंही जाड माणसं. घाम गळ्यापर्यंत आला तरी कुणी हलेना. हमिदाबी खाटेवरून उठली, त्यांच्यासमोर आली आणि दोन्ही हात पुढं केले, तळवे वर.

"मालक, तुमी या हातावर ठिवा. अप्पा, तुमी त्या हातावर. एकदमच. म्हंजी पयला कुणी न्हाय आन् दुसरा कुणी न्हाय."

इतकी साधी गोष्ट दोन महिन्यांत कुणाला सुचली नव्हती. मग बलभीमरावांना हसू फुटलं, त्यांच्या मागोमाग हणमंतप्पांना. दोन मुठी एकदम उघडल्या.

तिनं दोघांना खाटेवर बसवलं. चहा केला, चंद्रीच्याच दुधाचा. आता गाडी उताराला लागली होती. वासराचा प्रश्न चहा निवायच्या आत सुटला: गोऱ्हा झाला तर वर जाईल, कालवड झाली तर खाली राहील.

"हे असंच रस्त्याचं का करू नये?" हणमंतप्पा म्हणाले.

"म्हंजी कसं?"

"एकदम. अर्धा रस्ता तुमचा, अर्धी गटार आमची."

बलभीमरावांनी मांडीवर थाप मारली. साहेबांना खिडकीत बोलावलं गेलं. साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या आकडेमोड केली. अर्धा रस्ता स्टँडाच्या अलीकडं ओढ्यात संपणार होता, आणि अर्धी गटार गफारशेठच्या वखारीसमोर. पण गफारशेठ तर इथं नव्हते.

"होईल," साहेब म्हणाले. "फक्त थोडं कमी पडतंय. कुठंतरी कापावं लागेल."

"काटा की."

"कुणाचं कापू? वरल्या पेठेच्या दिव्यांचं?"

"दिवे न्हाय," बलभीमराव म्हणाले.

"मग खालच्या पेठेच्या आडाचं?"

"आडाला हात लावायचा न्हाय," हणमंतप्पा म्हणाले. "वरल्याचं न्हाय आन् खालच्याचंबी न्हाय, असं कायतरी काटा."

वळूनं शेपटीनं माशी हाकलली. दोघांची नजर डोणीवरून, कडब्यावरून, दगडी भिंतीवरून फिरत फिरत त्या कोपऱ्यातल्या खोलीवर गेली, आणि दोघांनाही एकाच वेळी सुचलं.

"कोंडवाडा," बलभीमराव म्हणाले.

"तसाबी आता काय उपेग? भांडण तर मिटलं," हणमंतप्पा म्हणाले. मग त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. हातात तिचाच कप होता. "हमिदाबी, वाईट वाटून घिऊ नका. तुमच्यावर आमचा दोघांचाबी राग न्हाय."

"ठाव हाय, अप्पा," ती म्हणाली. "एकाचा राग असता, तर दुसऱ्यानं तरी माझी बाजू घेतली असती."

तिनं कप गोळा केले आणि धुवायला नेले.

दोन दिवसांनी सभा भरली. या खेपेला सगळे आत बसले. अंदाजपत्रक एकमतानं मंजूर झालं, टाळ्या झाल्या, सोलापूरहून पेढे आणले होते. कोंडवाडा बंद करून इमारतीला कुलूप घालण्याचा ठराव शेवटी आला आणि सर्वांत लवकर मंजूर झाला. हमिदाबीनं तो खिडकीखालून ऐकला. मग खोलीत जाऊन दाराआडचं मडकं पुढं आणून ठेवलं.

कस्तुराबाई आणि लक्ष्मम्मा त्या दिवशी एकदमच आल्या. वळू आणि चंद्री आपापल्या घरी गेली होती, कडबा आणायचं काही कारण नव्हतं. तिघी बराच वेळ बसल्या.

सकाळी गोरोबा आला, मोकळ्या हातानं.

"साहेब म्हणले, कुलूप घालून ये."

"घाल बाबा. मी भाईर बसते."

"कुलूप कुठं हाय? कोंडवाड्याच्या खर्चातनं घ्यायचं, तर कोंडवाड्याला आता खर्चच न्हाय. तरतूद काटली न्हवं."

"मग?"

"साहेबांनी वर लिवलंय. उत्तर आलं की कुलूप येईल. तवर..." गोरोबानं डोकं खाजवलं. "तवर काय करायचं, ते कुठं लिवलेलं न्हाय."

हमिदाबी उठली. मग आत गेली आणि मडकं पुन्हा दाराआड ठेवलं.

कोंडवाडा बंदच झाला. बंद असल्यामुळे तिथं कुणाचं काही चालत नव्हतं. तिला काढायचं तर कशावरून काढायचं, हेही साहेबांना पुन्हा वर विचारावं लागणार होतं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारी माणसं आपले बैल भिंतीच्या सावलीत बांधू लागली. डोणीत पाणी होतंच, आणि नजर ठेवायला हमिदाबी. जाताना कुणी ज्वारी देई, कुणी भाजी, कुणी नुसतंच "येतो, चाची" म्हणे. गफारशेठ हजहून परतले, गावभर खजूर वाटले, आणि वखारीसमोर येऊन थांबलेली गटार बघून नाकाला रुमाल लावला.

चंद्री व्याली थंडीत. कालवड झाली. त्याच आठवड्यात बलभीमराव म्हणू लागले की कालवड खालची असली तरी तिचं पहिलं वेत वरच्या पेठेचं, आणि मार्चच्या सभेला खालच्या पेठेचे सात जण पुन्हा पायरीवर बसले; या खेपेला गफारशेठही त्यांच्या शेजारी.

खालच्या पेठेची पोरं एका दुपारी वरल्यांची म्हैस हाकत आणून दाराशी उभी राहिली.

"कोंडवाडा बंद हाय," हमिदाबी म्हणाली.

"मग हिला कुठं नेऊ, चाची?"

तिनं म्हशीकडं पाहिलं. म्हशीची जीभ बाहेर आली होती. "आणा आत. पाणी तरी पिऊ दे."

भूमहून वलीचा निरोप दर सणाला यायचा. एस.टी.चा कंडक्टर ओळखीचा होता, तो थांबून सांगायचा: भाऊ विचारतो, कधी येणार?

दाराची कडी ती आठवड्याला तेल लावून पुसत असे. कुलूप येईल तेव्हा अडायला नको.

"कुलूप आलं की निघतेच म्हणावं," ती सांगायची, आणि कंडक्टरला पाणी द्यायची.